कोरं म्हणजे साफ नव्हे

नंदनवन वस्तीत राहणाऱ्या प्रेमानंद गजभियेला कुणी भित्रा म्हटलं तर तो रागावत नाही. तो म्हणतो, त्याचेच तर पैसे मिळतात मला. माणूस सेहेचाळीस वर्षांचा, उंचापुरा, मिशा राखलेला. पण स्कूटर तीसच्या वर पळवणार नाही, गॅसचं बटण तीनदा पाहिल्याशिवाय घराबाहेर पडणार नाही, आणि अनोळखी नंबरावरून फोन आला की तो वाजून वाजून बंद होईपर्यंत विंचवाकडे बघावं तसा त्याच्याकडे बघत राहील. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. त्याची बायको माया म्हणते, आमच्याकडे तो ब्रह्मराक्षसच घर चालवतो.

बाईचं म्हणणं खोटं नाही. शहरातल्या बारा-तेरा धंद्यांचे कॉम्प्युटर प्रेमानंदच्या हवाली आहेत. औषधांचे ठोक व्यापारी, दोन ट्रान्सपोर्टवाले, एक तपासणीची लॅब, असे. या लोकांची मशीन एकमेकांना जोडून देणं, आणि बाहेरचा चोर त्या जोडणीतून आत शिरणार नाही हे पाहणं, हे त्याचं काम. चोर हल्ली दाराशी येत नाही. तो कुठल्या देशात बसलेला असतो कोण जाणे. कुरिअरची पावती म्हणून एक मेल पाठवतो, कुणीतरी भाबडेपणानं ती उघडतो, आणि एक दिवस सगळ्या फायलींना कुलूप लागतं. किल्ली हवी तर पैसे टाका. प्रेमानंद याच चोराची भीती विकतो आणि स्वतःही उशाशी घेऊन झोपतो.

त्याचे वडील कोराडीच्या वीज केंद्रातल्या वर्कशॉपमध्ये होते. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि घरात एकच नियम घातला, पोरांनी शिकायचं. प्रेमानंद आधी टीव्ही दुरुस्तीचं शिकला, मग सीताबर्डीवर कॉम्प्युटरचा कोर्स केला. पहिलीच नोकरी एका कोचिंग क्लासमध्ये लागली. तिथं कुणाच्या तरी फ्लॉपीतून व्हायरस आला आणि चारशे पोरांचे निकाल पुसले गेले. मालकानं त्याला पालकांसमोर उभं केलं आणि म्हणाला, याला विचारा. एका बापानं त्याच्या अंगावर पायातली चप्पल भिरकावली. ती लागली नाही, पण त्या दिवशी जी धास्ती बसली ती कायमची. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. हा पाणीही फुंकतो.

त्याचे नियम लोकांच्या चेष्टेचा विषय होते. पेनड्राइव्ह लावायचा नाही. अनोळखी मेल उघडायची नाही. आणि सगळ्यात मोठा नियम बॅकअपच्या डिस्कचा. आठवड्यातून एकदा सगळ्या कामाची एक नक्कल या डिस्कवर काढायची आणि लगेच वायर काढून ती लोखंडी कपाटात बंद करायची. चावी फक्त प्रेमानंदकडे. जोडलेली राहिली तर चोर मूळ फायलींबरोबर नक्कलही खाणार, मग ती डिस्क असून नसल्यासारखी. हे तो लहान मुलाला सांगावं तसं प्रत्येक मालकाला सांगत आला होता.

धंतोलीतल्या एका ब्लड बँकेत तो हे काम दहा वर्षं करत होता, आणि तिथं त्याला सगळ्यात जास्त भीती वाटायची. व्यापाऱ्याचा हिशोब बुडाला तर व्यापारी रडेल, शिव्या देईल, पुन्हा उभा राहील. रक्ताचं तसं नाही. बँकेचे प्रमुख डॉ. गिरिधर भोयर यांनी त्याला एकदा नीट बसवून समजावलं होतं. ज्यांना वारंवार रक्त चढवावं लागतं त्यांच्यातल्या काहींचं शरीर विशिष्ट रक्ताशी दावा मांडतं. गट जुळला तरी ते रक्त त्यांना चालत नाही. आणि वाईट म्हणजे काही महिन्यांनी हा दावा तपासणीत दिसेनासा होतो. शरीर मात्र विसरलेलं नसतं. तसं रक्त पुन्हा चढलं की आठ-दहा दिवसांत ते रक्त आतल्या आत फुटायला लागतं. लघवी काळसर होते, डोळे पिवळे पडतात, मूत्रपिंड निकामी होतं, माणूस जातोसुद्धा. म्हणून अशा पेशंटच्या नावापुढं कॉम्प्युटरवर लाल पट्टी असायची. कागदाचं रजिस्टर बँकेनं कधीच बंद केलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, तपासणी चुकू शकते, ही पट्टी चुकता कामा नये. त्या दिवसापासून प्रेमानंदला स्वप्नातसुद्धा लाल पट्ट्या दिसायच्या.

हा इतका भिणारा माणूस चुकला कुठं? चावी देताना.

नवरात्रातल्या अष्टमीला तो नेहमीप्रमाणे नक्कल काढून डिस्क कपाटात ठेवत होता. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, म्हणजे हत्यारांची पूजा. आता हत्यारं म्हणजे बँकेतले फ्रीज, तपासणीची यंत्रं आणि कॉम्प्युटर. सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूची माळ, पुढं पेढा. पूजेची सगळी उस्तवार कांताबाईंकडे. बाई वीस वर्षांपासून तिथं झाडलोट करत, चहा करत आणि सगळ्यांवर सत्ता गाजवत. त्या कपाटापाशी आल्या.

"प्रेमानंदभाऊ, तेवढी चाबी देऊन ठेवा न जी," त्या म्हणाल्या. "वर्षभर थे बिचारी अंधारात राह्यते. सगळ्याईले कुंकू लागन अन् तिलेच नाही?"

नाही म्हणायचं. दोन अक्षरं. पण प्रेमानंदच्या मनात भलतंच आलं. काही वर्षांपूर्वी एका दुसऱ्या ऑफिसात त्यानं असंच पूजेला मशीन द्यायला नकार दिला होता, कारण ते दुरुस्तीसाठी उघडून ठेवलं होतं. तेव्हा तिथला एकजण हसत हसत बोलून गेला होता, तुमच्याईले काय, तुमचं तर सगळं मोडाचंच काम. प्रेमानंद पूजा करत नाही. त्याच्या घरात बुद्धाची मूर्ती आहे आणि बाबासाहेबांचा फोटो आहे. पण प्रसाद तो सगळ्यांचा खातो, आणि ब्लड बँकेत दहा वर्षांत कुणी त्याला वावगं बोललेलं नव्हतं. आता या बाईला नाही म्हटलं तर त्याच्या नियमाचं कारण कुणाला पटणार? याला पूजेचंच वावडं, एवढंच मनात राहणार. जगातल्या सगळ्या चोरांना भिणारा हा माणूस त्या क्षणी एका म्हाताऱ्या बाईच्या मनात काय येईल याला जास्त भ्यायला.

त्यानं चावी दिली. वायर जोडू नका, हे शब्द ओठांवर आले होते. पण सूचना देत बसणं त्याला शिष्टपणाचं वाटलं. शिवाय घाई होती. पुढचे दोन दिवस नंदनवनच्या विहारातल्या मंडळींबरोबर दीक्षाभूमीवर, लांबून येणाऱ्या लोकांना पाणी आणि जेवण वाटायला त्याला जायचं होतं. तो गेला.

नवमीला पूजा झाली. सगळ्या मशीनचे दिवे लागलेले, आणि ही काळी डिस्क तेवढी मुकी. कांताबाईंनी दुर्गेशला विचारलं, हिचा दिवा काहून नाही लागून राहिला? दुर्गेश तिथला टेक्निशियन, हाताला गुण असलेला पण डोक्यानं घाईचा. त्यानं वायर घेतली आणि जोडून दिली. निळा दिवा लागला, बाईंनी समाधानानं अक्षता टाकल्या. आणि मांडलेली पूजा दसरा झाल्याशिवाय हलवायची नाही, ही तिथली रीत. डिस्क दोन दिवस, दोन रात्री, झेंडूच्या माळेखाली जोडलेली राहिली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता दुर्गेशचा फोन आला. सगळ्या स्क्रीन काळ्या पडल्या होत्या आणि त्यावर इंग्रजीत काहीतरी लिहून आलं होतं. प्रेमानंदनं ते वाचून दाखवायला सांगितलं. दुर्गेश अडखळत वाचत होता, आणि तिसऱ्या ओळीला प्रेमानंदला कळून चुकलं. वीस वर्षं ज्याची वाट पाहिली तो पाहुणा आला होता. सुट्टी बघूनच आला होता.

तरीही स्कूटरवर बसताना त्याला एक धीर होता. कपाटातली डिस्क. आठ वाजता तो पोचला, सर्व्हरच्या खोलीत गेला आणि दारातच थांबला. डिस्क कपाटात नव्हती. सर्व्हरशेजारी, सुकत चाललेल्या झेंडूत, कुंकवाचं बोट लावलेली ती बसली होती आणि तिचा निळा दिवा लुकलुकत होता.

माळ बाजूला करून त्यानं वायर उपटली, आपल्या लॅपटॉपवर डिस्क उघडून पाहिली. एकही फाईल उघडेना. दहा वर्षांचे पेशंट, त्यांचे गट, त्यांच्या लाल पट्ट्या, सगळ्याला कुलूप.

नऊ वाजता डॉक्टर आले. स्क्रीनकडे पाहून त्यांनी डोक्याला हात लावला, आणि मग एकच प्रश्न विचारला. कपाटातलं आहे ना आपलं?

"आहे सर," प्रेमानंद म्हणाला. "पाहून राहिलो."

झाकली मूठ सव्वा लाखाची. तो स्वतःला सांगत होता की हे खोटं नाही, डिस्क तर आहेच. कदाचित तासाभरात काही जुगाड सापडेल, एखादा कोपरा वाचला असेल. खरं कारण तेवढंच होतं की त्याला पुन्हा ते पालक समोर दिसत होते. डॉक्टरांचा त्याच्यावर इतका भरवसा की ते पुढं काही न विचारता पोलिसांच्या सायबर शाखेला फोन करायला निघून गेले.

दिवसाचं काम थांबून चालणार नव्हतं. प्रेमानंदनं एक धुऊनपुसून काढलेला कॉम्प्युटर आणून दुर्गेशच्या टेबलावर मांडला आणि त्यात तेच सॉफ्टवेअर टाकून दिलं, कोरं. नावं नव्यानं भरा, म्हणाला. मग पाठ करून कोपऱ्यात डिस्कशी झटापट करत बसला.

साडेदहाला जवळच्या हॉस्पिटलातून मागणी आली. पेशंट देवाजी सोनटक्के, वय एकसष्ट, कोराडी. हाडांच्या मगजात रक्त बनणं मंदावलेलं, दर महिन्याला एक पिशवी लागणारी. दुर्गेशनं गट तपासला, नमुना जुळवून पाहिला, नाव मशीनमध्ये टाकलं. आणि तो मोठ्यानं, स्वतःशीच, बोलला: जुनी नोंद काही नाही. टेस्ट साफ आहे.

प्रेमानंद सहा फुटांवर होता. त्याला शब्दन् शब्द ऐकू आला. दर महिन्याला रक्त घेणाऱ्या माणसाची जुनी नोंद नाही असं कसं होईल? नोंद होती, ती कुलपात होती. मशीन कोरं होतं म्हणून गप्प होतं, आणि दुर्गेशला त्या गप्प बसण्यात होकार ऐकू आला. त्या नावापुढं लाल पट्टी होती की नव्हती, हे त्या घडीला जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि कुणालाच ठाऊक नाही, हेसुद्धा एकट्या प्रेमानंदला ठाऊक होतं.

बोलायचं म्हणजे डिस्क गेली हे सांगायचं. मनात म्हणाला, बहुतेकांना तर पट्टी नसतेच. मनात म्हणाला, दुर्गेशला कळत असेल. तोवर पिशवी थंड पेटीत गेली, पेटी न्यायला आलेल्या पोऱ्याच्या हाती गेली, आणि जिन्यावरून खाली जाणारी पावलं प्रेमानंद ऐकत राहिला. माणूस भीतीनं पळतो, हे आपण नेहमी ऐकतो. भीतीनं माणूस बसूनही राहतो, आणि ते पळण्याहून वाईट.

दोनेक तासांनी दुसरी मागणी आली. दुर्गेशनं नाव टाकलं आणि तेच म्हणू लागला. या वेळी प्रेमानंद उठला. कसा उठला ते त्यालाही सांगता येत नाही. त्यानं दुर्गेशचा हात धरला.

"थांब गा. कोरं आहे म्हंजे साफ नाही."

मग तो डॉक्टरांच्या खोलीत गेला आणि उभ्याउभ्याच सांगितलं. डिस्क पूजेत जोडलेली होती. चावी मीच दिली. सगळं गेलं. डॉक्टरांनी आवाज चढवला नाही. त्यांनी फक्त विचारलं, तुला केव्हा कळलं?

"सकाळी आठ वाजता, सर."

डॉक्टरांनी घड्याळाकडं पाहिलं. दीड वाजला होता. त्यांनी हॉस्पिटलला फोन लावला, आणि पलीकडचं ऐकताना त्यांचा चेहरा उतरत गेला. पिशवी लागली होती. अर्ध्याहून जास्त आत गेली होती. थांबवायला सांगितलं, पण गेलेलं रक्त काही परत काढता येत नाही. हॉस्पिटलकडे जुनी कागदपत्रं आहेत का, विचारलं. त्यांच्याकडे गटाच्या पलीकडं काही लिहिलेलं नव्हतं. पट्टीचं काम ब्लड बँकेचं, असं ते समजून होते.

त्या दिवशी पुढं जे करायला हवं ते सगळं झालं. प्रत्येक जुन्या पेशंटच्या घरी फोन करून, मिळेल तिथून माहिती गोळा करून कागदावर नोंदी सुरू झाल्या. चोरांना पैसे दिले नाहीत. प्रेमानंदला डॉक्टरांनी काढलं नाही. म्हणाले, तू गेला तर हे परत उभं कोण करन? कांताबाई देवापुढं बसून रडल्या, आपलंच काही चुकलं म्हणून. चूक माझ्या तोंडाची आहे, असं प्रेमानंदनं त्यांना दोनदा सांगितलं, पण त्यांना ते पटलं नाही.

देवाजीला हॉस्पिटलनं त्या दिवशी रात्रीपर्यंत ठेवून घरी सोडलं. का ठेवलं, ते सांगितलं नाही. दहा दिवस जपा, लघवीचा रंग बदलला किंवा ताप आला तर लगेच या, एवढंच सांगितलं. उपचार करणाऱ्या डॉक्टरला सगळं माहीत होतं. माहीत नव्हतं ते देवाजीला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता प्रेमानंदनं देवाजीला फोन लावला. रक्तपेढीतून बोलतो म्हणाला. ताप? नाही. लघवी? नेहमीसारखी. डोळे? बायकोनं पाहून सांगितलं, पांढरे आहेत. फोन ठेवून तो संडासात गेला आणि तिथंच थोडा वेळ बसून राहिला. तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन. चौथ्या दिवशीही. रात्री तो दचकून उठायचा आणि माया विचारायची तेव्हा म्हणायचा, काही नाही, सर्व्हरचं टेन्शन. तिला त्यानं चोराचं सांगितलं होतं, देवाजीचं नाही.

देवाजीला मात्र या फोनांचं भारी अप्रूप वाटायला लागलं. तो वीज केंद्रातल्या राखेच्या गाड्या भरण्याच्या कामावर जन्म काढलेला माणूस, हॉस्पिटलात त्याला कुणी नावानं हाक मारली तरी कौतुक. आता रोज सकाळी साहेब फोन करतो, लघवीचासुद्धा रंग विचारतो! तो शेजाऱ्यांना सांगू लागला. फोनवर साहेबाचा प्रेमानंदभाऊ झाला, आणि भाऊचा तू झाला.

सहाव्या दिवशी देवाजी म्हणाला, आज अंग जरा कोमट वाटून राहिलं. प्रेमानंदनं पुढचं ऐकलंच नाही. कोळशाच्या ट्रकांमधून वाट काढत, आयुष्यात पहिल्यांदा साठच्या वेगानं स्कूटर पळवत तो कोराडीला गेला. देवाजी ओट्यावर बसून चहा पीत होता. प्रेमानंदनं नमस्कारसुद्धा केला नाही. त्याच्या डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या, कपाळाला हात लावला, तसाच त्याला मागं बसवून हॉस्पिटलात नेलं. रक्त तपासलं. काही फुटलेलं नव्हतं. साधी सर्दी. परत सोडायला गेला तेव्हा देवाजीच्या बायकोनं त्याच्या हातात पोह्यांची ताटली दिली आणि म्हणाली, सख्खा भाऊ एवढं करत नाही. तिथंच सांगायला हवं होतं. त्यानं ताटली पुसून ठेवली आणि उठला.

दहावा दिवस गेला. डॉ. भोयर म्हणाले, आता धोका टळला समज. देवाजीच्या नावापुढं पट्टी होती की नव्हती, ते कळलं नाही. पुढंही कधी कळलं नाही. अकराव्या दिवशी सकाळी नऊला प्रेमानंदनं फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. कितीतरी दिवसांनी त्याला चहाची चव लागली.

साडेनऊला फोन वाजला. देवाजी होता.

"आज तुहा फोन नाही आला," तो म्हणाला. "म्हटलं तुही तब्येत बरी आहे न?"

मग, कुणी न विचारता, प्रेमानंदनं सगळं सांगितलं. चावी, डिस्क, कोरं मशीन, सहा फुटांचं अंतर, जिन्यावरची पावलं. काही लपवलं नाही.

"म्हंजे," देवाजी म्हणाला, "दहा दिवस तू मले नाही, आपल्या भेवाले फोन करून राह्यला होता."

देवाजीनं फोन ठेवून दिला.